परवा एक गाडी पाहिली

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी अजून ज्याची दखल घेतलेली नाही असा एक मौखिक वाङ्मयप्रकार आपल्याकडे गेली कित्येक वर्षं जोमानं वाढतो आहे. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "परवा एक गाडी पाहिली." हे वाक्य लोकलच्या डब्यात पडू शकतं, लग्नाच्या पंगतीत पडू शकतं, स्मशानात लाकडं रचून होईपर्यंतच्या अवघड वेळात तर हमखास पडतं. एकदा पडलं, की भोवतालच्या चार-पाच माणसांपैकी निदान दोघांचे डोळे लकाकतात. एकजण "कुठली?" म्हणून विचारतो आणि दुसरा उत्तराची वाट न पाहता "आमच्याकडे होती!" असं सांगून मोकळा होतो. त्यानंतर तास-दीड तास कोणी हलत नाही. लाकडं रचून झालेली असतात तरी.

ओवीवर ग्रंथ झाले, लावणीवर झाले, भारुडांवर झाले. या प्रकाराकडे मात्र समीक्षक फिरकले नाहीत. त्यांनी ते काम आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनावर टाकलं आहे. आम्ही पडलो कॉमर्सचे. रस, ध्वनी आणि वक्रोक्ती यांपैकी वक्रोक्ती तेवढी काउंटरवर रोज ऐकायला मिळते, बाकीच्या दोघांशी आमची तोंडओळखही नाही. पण लेजर वाचायची सवय असलेला माणूस वाङ्मय वाचायला अगदीच नालायक असतो असं नाही. पानावर काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहून गेलंय, हे त्याला आधी दिसतं. प्रस्तुत समीक्षा एवढ्याच भांडवलावर उभी आहे.

या वाङ्मयाचे ढोबळमानानं दोन भेद पडतात : दर्शन आणि स्मरण.

दर्शनाचा नमुना असा : "पेडर रोडच्या सिग्नलला इम्पाला. फिकट निळी. सिग्नल सुटला, गेली." संपलं. एवढ्यात ऐकणारा घायाळ होतो. जपानी कवींनी सतरा अक्षरांत बेडूक डबक्यात टाकला म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. आमच्या मंडळींनी त्याच ऐवजात अठरा फुटांची अमेरिकन मोटार बसवली आहे.

दर्शनाचे नियम मात्र कडक आहेत. गाडी क्षणभरच दिसली पाहिजे. सोबत साक्षीदार नको. आणि मुख्य म्हणजे गाडी दुर्मीळ हवी. जी गाडी सोसायटीच्या गेटाशी बारा वर्षं उभी आहे, जिच्या मागच्या सीटवर मांजर दोनदा व्यालं आहे, तिचं दर्शन होत नाही. तिची फक्त अडचण होते. पुरावा म्हणून गाडीचा नंबर द्यायची पद्धत आहे. "एमएच नव्हे हं, एमआर!" असं सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात जो कंप येतो, तो आम्ही एरवी फक्त शास्त्रीय गायनाच्या बैठकीत, तंबोरा जुळल्यावर ऐकला आहे.

या मंडळींच्या ज्ञानाबद्दल कोणी शंका घेऊ नये. पांढऱ्या अँबॅसडरच्या नुसत्या तोंडावरच्या जाळीकडे पाहून ही मार्क टू की मार्क थ्री हे सांगणारे गृहस्थ आमच्या माहितीत आहेत. १९५८ पासून २०१४ पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून जवळपास त्याच चेहऱ्यानं बाहेर पडत राहिलेली ही गाडी. तिच्या दोन बहिणींत त्यांची कधी गल्लत होत नाही. स्वतःच्या दोन मेहुण्यांत होते. तिसरे एक आहेत ते स्टँडर्ड हेरल्डचे भक्त. मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसानं चितारलेली विलायती ट्रायम्फ हेरल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये बनू लागली, ती ही. हिचं बॉनेट वर उघडत नाही. चाकांवरच्या पत्र्यासकट अख्खं तोंडच पुढे पडतं, दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखं. हे ते सांगतात तेव्हा स्वतःचा जबडा उघडून दाखवतात.

फियाटचं तर पुराणच आहे. आधी ती गुबगुबीत 'डुक्कर फियाट', जिची पुढची दारं उलटी उघडत. उतरणाऱ्याला रस्त्याकडे पाठ करून नव्हे, सगळ्या अंगानिशी लोकांसमोर प्रकट व्हावं लागे. नऊवारीतल्या बायकांनी या दारांबद्दल काय म्हटलं असेल ते या वाङ्मयात कुठं नोंदलेलं नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. मग १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. माहेर इटलीतलं, सासर कुर्ल्याचं. सासरी नाव बदललं. पण मुंबईनं शेवटपर्यंत हाक मारली ती माहेरच्याच नावानं.

विलायतेत या सगळ्या छंदाला शिस्त आहे. १९१९ ते १९३० मधली ती व्हिंटेज, त्याआधीची व्हेटरन. दर नोव्हेंबरात लंडन ते ब्रायटन जी नामांकित दौड होते तिच्यात १९०५ च्या आधी बांधलेल्या गाडीलाच प्रवेश. ही दौड मुळात १८९६ साली निघाली ती मोटारींना ताशी चौदा मैल जाण्याची मुभा मिळाली या आनंदात. ताशी चौदा मैल! संध्याकाळी सहा वाजता दादर टी.टी.ला हा वेग मिळाला तर आम्हीसुद्धा दौड काढू. आपल्याकडे वर्गवारी सुटसुटीत आहे. जिचा मालक वारला ती क्लासिक, मालकाचा मुलगाही वारला ती व्हिंटेज.

आता स्मरण. दर्शन जर भावगीत म्हटलं तर स्मरण हे महाकाव्य, आणि महाकाव्याप्रमाणेच त्याला नायक एकच असतो : आजोबा. आजोबांकडे गाडी होती. आजोबा ती स्वतः चालवत. आजोबा कोटात असत. गाडी इतकी चकचकीत, की तिच्यात पाहून भांग पाडावा. अशी ती दोन-तीन सर्गांपर्यंत चालते आणि मग करुण रसाला आरंभ होतो. कोणीतरी काका मध्ये येतात. काकांना व्यवहार कळत नाही, किंवा फारच कळतो. "अडीच हजाराला भंगारात दिली हो! आज असती तर?" इथं सगळे गप्प होतात. सांगणारा आभाळाकडे पाहतो.

'आज असती तर' हा या महाकाव्याचा कळस, म्हणून समीक्षकाला तो तपासणं भाग आहे. आम्ही तपासला. काकांनी ते अडीच हजार आठ टक्क्यांनी पन्नास वर्षं मुदत ठेवीत ठेवले असते तर चक्रवाढीनं १ लाख १७ हजार २५४ रुपये झाले असते. काकांनी ते ठेवले नाहीत, हा काकांचा खरा अपराध. पण गाडी ठेवली असती तर पन्नास वर्षं तिला जागा लागली असती, टायर लागले असते, उंदरांनी वायरी खाल्ल्या असत्या, आणि आज आभाळाकडे पाहणारे हेच गृहस्थ दर रविवारी "ती धूड काढा एकदाची" म्हणून काकांच्या मागे लागले असते. हे आम्ही त्यांना कधी सांगत नाही. दुसऱ्याच्या कळसावर उभं राहून वीट काढू नये.

तक्रार आमची वेगळीच आहे. या साऱ्या स्मरणात आजोबा सोडले तर माणूसच नाही. गाडी धुणारा गडी नाही. पावसाळ्यातल्या सकाळी सेल्फ लागेना म्हणून लुगड्याचा काचा मारून मागून धक्का देणारी आजी नाही. ती असणारच, कारण आजोबा स्टिअरिंगवर होते, आणि गाडी स्वतःहून सुरू होत होती असं त्या काळातल्या कोणत्याही प्रामाणिक माणसानं म्हटलेलं आम्ही ऐकलेलं नाही. बुकिंगचीही कथा नाही. १९८३ च्या डिसेंबरात पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींच्या हातून गिऱ्हाइकाला मिळेपर्यंत या देशात मध्यमवर्गानं नवी मोटार घ्यायची म्हणजे अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्याच तीन घराण्यांत सोयरीक व्हायची, आणि तीही नंबर लावून. वर्षंच्या वर्षं वाट पाहायची. मुलाच्या मुंजीत बुकिंग केलं आणि गाडी आली ती त्याच्या वरातीला, ही त्या काळातली थट्टा थट्टा म्हणून फारशी चालत नसे. पुष्कळांना ती बातमी वाटे. एवढी वाट पाहून आलेल्या गाडीबद्दल आज काय उरलंय? तर रंग फिकट निळा.

अपवाद आहेत. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, आता गॅरेज मुलाकडे देऊन बसलेले. जुन्या गाड्यांच्या गप्पांत ते "पाहिली" हा शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, "उघडली होती." त्यांच्या आठवणीत गाडी कधीच चकचकीत नसते. ती बोरघाटात उभी असते, बॉनेट वर, रेडिएटरमधून वाफ निघतेय, आणि मालकीणबाई मुलाला ओकारी येतेय म्हणून दगडावर बसल्यात. खोपोलीला पाणी भरून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती, हे मालकांना कोणी सांगायचं, म्हणून चौघं गप्प आहेत. द्रुतगती मार्ग झाल्यापासून घाट पंधरा-वीस मिनिटांत संपतो. कोणाला उतरावं लागत नाही आणि म्हणून कोणाला आठवतही नाही. मिस्त्रींना मात्र कोणत्या डॉक्टरांच्या गाडीचा पंखा-पट्टा कोणत्या वळणावर तुटला होता आणि त्या रात्री त्यांच्याकडून किती पैसे घेतले, हे पाठ आहे. पैसे कमी घेतले होते, असं ते अजूनही पुटपुटतात. रसिकांच्या बैठकीत मिस्त्रींना फारसं कोणी बोलू देत नाही. त्यांच्या बोलण्यात काव्य नाही असं सर्वांचं मत आहे.

दुसरा अपवाद दिल्लीत आहे, आणि तो आमच्या खात्यातला आहे म्हणून थोडा सविस्तर सांगतो. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा घरात मोटार नव्हती. मुलांनी आग्रह धरला. फियाटची किंमत बारा हजार, बँकेत शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडून रीतसर कर्ज काढलं. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही हकिकत त्यांच्या चिरंजीवांनी पुढे सांगितली, आणि ती १९६४ ची फियाट शास्त्रीजींच्या दिल्लीतल्या स्मारकात ठेवलेली आहे.

आता रसिकाच्या नजरेनं पाहिलं तर या गाडीत काय आहे? काही नाही. त्या साली कुर्ल्याहून तशा कितीतरी निघाल्या. परवा पाहिली म्हणून सांगितली असती तर स्मशानातसुद्धा कोणी थांबलं नसतं. पण आम्हाला ती डोळ्यांसमोर दिसते ती गाडीच्या बाजूनं नव्हे, लेजरच्या बाजूनं. कर्जदाराचं नाव, धंदा : पंतप्रधान. मग दर महिन्याचा हप्ता जमा. मग एके दिवशी नाव तेच, पण पैसे भरणारी सही दुसरी. त्या सहीवर हात ठेवून क्षणभर थांबलेला कोणीतरी कारकून असणार. त्यानंही ती गाडी पाहिली नसेल. तरी त्याच्याइतकी ती कोणाला कळली असेल असं आम्हाला वाटत नाही. यात आमचा धंदेवाईक अभिमान थोडा मिसळला आहे. तो वजा केला तरी शिल्लक बरीच राहते.

आणि म्हणूनच पद्मिनी टॅक्सीच्या बाबतीत रसिकांनी जे केलं, किंवा केलं नाही, त्याबद्दल समीक्षकाला जरा आवाज चढवावा लागतो.

नव्वदच्या दशकात मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी साठ हजारांच्या घरात होत्या आणि त्यांत फियाटशिवाय दुसरं काही शोधावं लागे. चाळीतल्या मध्यमवर्गीय माणसाचा मोटारीशी संबंध यायचा तो इथं. इम्पाला पेडर रोडला राहायची. ती त्याला दिसायची. फियाटमध्ये तो बसायचा. तोही केव्हा? बाळंतपणाला, बाहेरगावच्या गाडीला, आणि हॉस्पिटलातून मध्यरात्री फोन आला तर. चौथं कारण असलं तर बसनं जायचं. टपावरच्या कॅरिअरवर वळकट्या, मागे आई आणि आत्या, त्यांच्या मांडीवर मुलं, पुढे वडील. वडिलांची नजर रस्त्यावर नसे. ती डाव्या हाताला काचेबाहेर बसवलेल्या मीटरवर खिळलेली असे. मीटरचा आकडा एक, त्याला कार्डावर लावून पाहायचा तो दुसरा. आमच्या पिढीला गुणाकाराची भीती शाळेत बसली असं शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. आमची बसली ती दादर ते व्ही.टी.च्या दरम्यान. आणि पुढे चालवणारा तो जौनपूरकडचा माणूस, अरुंद गल्लीत शिरायला कुरकुर करणारा. पण मागच्या सीटवरची बाई कळवळली की तोच हॉर्नवरचा हात न उचलता सिग्नल तोडायचा. त्या गाड्यांत या शहरातली किती माणसं जन्माला येता येता राहिली आणि काही राहिलीही नाहीत!

अशी शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर कायद्यानं उरली नाही. त्याच साली दीड महिना आधी बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली होती, तिला हारफुलं तरी मिळाली. पद्मिनी गेली तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि दुसऱ्या दिवशीपासून जो तो रसिक विचारू लागला, "हल्ली कुठं दिसते का हो?" साठ हजार होत्या तेव्हा एकालाही दिसली नव्हती. एक तरी टॅक्सी जपून ठेवा अशी मागणी सरकारकडे आधीच गेली होती. ती केली होती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं. तिला यश आलं नाही.

या संदर्भात सरकारी नियमांचंही रसग्रहण करायला हवं. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. तिची नव्यानं नोंदणी वीस हजार रुपये, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही खूण. नियम चांगले आहेत, सुबोध आहेत. फक्त दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले म्हणजे कारकुनी डोळ्याला एक गोष्ट खुपते. विसाव्या वर्षी टॅक्सी म्हातारी होते आणि पन्नासाव्या वर्षी मोटार ऐतिहासिक होते. मधली तीस वर्षं तिनं कुठं काढायची? बंगला असलेल्या माणसाची गाडी ती बंगल्यात काढते, आच्छादनाखाली. टॅक्सीची मधली तीस वर्षं कुर्ल्याच्या भंगार बाजारात, आणि तीही तीस वर्षं नव्हेत, तीस मिनिटं. म्हणजे ज्या गावात जन्मली त्याच गावात. तिथं आता कारखाना नाही. प्रीमियर रोड तेवढा नावानं राहिला आहे, आणि कुर्ल्यातून जाणारा हमरस्ता शास्त्रीजींच्या नावानं.

समजा, एखादी वाचली. समजा, २००३ ची ती शेवटची टॅक्सी कोणी २०५३ पर्यंत जपली आणि तिला 'व्हीए' नंबर मिळाला. तरी नियमाप्रमाणे व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. हात दाखवून कोणी थांबवली तर भाडं घेणं बेकायदा. "नही जायेगा" म्हणण्याची मुंबईच्या टॅक्सीवाल्याला इतिहासात पहिल्यांदाच कायदेशीर सोय झाली, ती अशी.

आमच्या मागच्या गल्लीत एक खाजगी पद्मिनी उभी आहे. क्रीम रंगाची होती असं म्हणतात. आता पिंपळाच्या पानांखाली नक्की सांगता येत नाही. मागे एका रविवारी आमच्या परिचयातले दोन रसिक ती पाहायला आले. मिस्त्रीही भाजी घेऊन जाता जाता थांबले. एका रसिकानं तिकोन्या काचेवरून मॉडेलचं साल काढलं, दुसऱ्यानं ते खोडून काढलं. दोघांनी फोटो घेतले, हळहळले, आणि हिची किंमत आज किती होईल यावर त्यांचं वाजलं. मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली, बॉनेटवर दोन बोटं वाजवली, वाकून चाकांखाली पाहिलं, आणि विचारलं, "चावी कोणाकडे असते?"

ते दोघांनाही माहीत नव्हतं.